ट्राय-अँगच्या जुन्या इंजिनाची मोटर ढकलल्याशिवाय उठत नाही, आर्मेचर (मोटरीचा फिरणारा, तारेच्या वेढ्यांचा भाग) वाचेल का?

धागाकर्ती

नमस्कार. मामांचं एक खेळण्यातलं रेल्वे इंजिन माझ्याकडे आलंय. ट्राय-अँग या ब्रिटिश खेळणी-रेल्वेच्या ब्रँडचं आर-५२ मॉडेल, काळं, तीन जोडी चाकांचं टाकीवालं, अंगावर ४७६०६ हा आकडा. मामांनी ते १९६१ साली घेतलं आणि दहाएक वर्षं भरपूर पळवलं. नंतर ते एका पत्र्याच्या डब्यात गेलं ते थेट या महिन्यात बाहेर आलं. मामा आता पंच्याऐंशीचे आहेत. नजर जवळजवळ गेलीय, कान मात्र तल्लख आहेत. ते म्हणाले, "चालू झालं तर मला दाखवू नकोस, ऐकव."

आत एक्स-०४ मोटर आहे, उघड्या सांगाड्याची, तीन पोलची, १२ व्होल्ट डीसीवर चालणारी. डब्यातून काढलं तेव्हा चाकं हातानेही फिरत नव्हती, कारण तेलाचा तपकिरी डिंक झाला होता. मी बॉडी काढली आणि मोटर सोडवली. गिअर, बेअरिंग, आणि ब्रशच्या (आर्मेचरला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) जागा साफ केल्या. कम्युटेटर म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो आर्मेचरवरचा तांब्याचा भाग; त्याच्या तीन पट्ट्यांमधल्या फटीत काळा कचरा घट्ट बसला होता, तो शिवणाच्या सुईने उकरून काढला. सगळं परत जोडलं, तेलाचे थेंब दिले, आणि १२ व्होल्ट लावले.

आता होतं असं. बहुतेक वेळा चाक बोटाने जरा पुढे ढकलल्यावर मोटर उठते. कधी कधी आपोआप सुटते. सुटली की चालते, पण एका लयीत धडधडत. कम्युटेटरवर ठिणग्या खूप, आणि तीन मिनिटांत मोटर हाताला चांगली गरम लागते. ठिणग्या पडतात तिथे एका फटीच्या दोन्ही कडा काळ्या झाल्यात, बाकी दोन फटी स्वच्छ आहेत.

नवीन मोटर बसवा हा सल्ला मला दोघांनी दिलाय. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण मला हीच मोटर हवी आहे. मामांना तिचाच आवाज माहीत आहे. माझ्याकडे मल्टीमीटर आहे, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आहे, भिंग आहे. कुठून सुरू करू?

आणखी एक गोष्ट. साफ करताना खालच्या कागदावर एक पातळ वॉशर पडलेला सापडला, नखापेक्षाही लहान. तो कुठला ते कळलं नाही. जपून ठेवलाय.

रूळमित्र

चुंबक मेलंय. साठ वर्षांत असं होतंच. निओडिमियमचे दोन लहान तुकडे मिळतात, ते जुन्या चुंबकाच्या जागी बसवा, एकदम ताकद येईल. मी दोन इंजिनांत केलंय.

तांब्याची तार

ताई, चुंबकाला अजून हात लावू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं चुंबकाची नाहीत.

चुंबक दुबळं झालं की मोटर उलट जास्त पळते. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. फिरणारं आर्मेचर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करतं आणि तोच करंटला आवर घालतो. चुंबक कमजोर म्हणजे हा उलटा व्होल्टेज कमी, म्हणून मोकळी मोटर जोरात फिरते, करंट जास्त खाते, गरम होते, आणि डबे जोडले की दम तोडते. पण ती कुठूनही उठते. तुमची मोटर ठरावीक जागी अडते, एका लयीत धडधडते, आणि एकाच फटीवर जळते. आर्मेचरवर तारेच्या तीन गुंडाळ्या, म्हणजे कॉइल असतात; त्या तीनपैकी एक कॉइल काम करत नाहीये, असं मला वाटतं.

मी मोटरी भरण्याचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं काम बत्तीस वर्षं केलं, पंख्यापासून पंपापर्यंत. मोठ्या मोटरीत जे तपासतो तेच इथे तपासायचं, फक्त हात हलका हवा.

दोन्ही ब्रश बाहेर काढा. ब्रश आत असताना घेतलेलं माप खोटं येतं, कारण एक ब्रश दोन पट्ट्यांना एकदम टेकू शकतो. मग मल्टीमीटर सर्वांत खालच्या ओहमच्या पायरीवर ठेवा, आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून किती दाखवतो ते बघा, आणि तेवढं पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा. आता कम्युटेटरच्या पट्ट्यांची मापं घ्या: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. शेवटी प्रत्येक पट्टी आणि शाफ्ट. शाफ्टशी काहीच दाखवायला नको. तिथे आकडा आला तर वाइंडिंग (गुंडाळलेली तार) लोखंडाला लागलंय.

तिन्ही मापं सारखी आली तर माझं म्हणणं चुकलं. सारखी नसतील तर आकडे इथे लिहा, त्यावरून नेमकं काय तुटलंय ते सांगता येईल.

रूळमित्र, निओडिमियमने चालतं हे खरं आहे, पण तुटलेल्या कॉइलवर जोरकस चुंबक लावलं तर अडायची जागा आणखी पक्की होईल.

घड्याळजी

वरचं उत्तर बरोबर आहे, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. फक्त सफाईबद्दल सांगतो, कारण सुईचा उल्लेख वाचून काळजी वाटली.

कम्युटेटरची फट लाकडी काडीने साफ करायची. दात कोरायची काडी तिरकी तासून घेतली की पुरते. सुईने तांब्यावर ओरखडा पडतो, ओरखड्याला कड येते, ती कड ब्रश खाते, आणि त्या कार्बनचा भुगा पुन्हा फटीत जातो. आणखी एक म्हणजे, पट्टीच्या मागच्या टोकाला कॉइलची तार येऊन जोडलेली असते. सुई घसरली तर ती तार जाते. तुमच्या हातून तसं झालं असेलच असं नाही, पण भिंगाने तिथे बघा.

पॉलिश पेपर नको. त्याचे कण तांब्यात रुततात. पेन्सिल खोडायचं कडक रबर पुष्कळ आहे.

कशाने पुसलंत? स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल असेल तर वाइंडिंगवर भिजवून ठेवू नका. जुन्या मोटरींत कधी कधी लाखेचं वार्निश असतं आणि ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. बोळा जेमतेम ओला करून पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. चिकट ग्रीस काढायला लायटरमध्ये भरायचं पेट्रोल उत्तम, फक्त खिडकी उघडी ठेवा, आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत मोटरीला वीज लावू नका. या मोटरी ठिणग्या टाकतातच.

तेल शिलाई मशीनचं, तेही सुईच्या टोकावर घेऊन. बेअरिंगला लागून फेल्टचा तुकडा असेल तर त्याला एक थेंब द्या, तो हळूहळू सोडतो. कम्युटेटरवर तेल गेलं तर ते कार्बनशी मिसळून वीज वाहणारा चिखल होतो.

तो वॉशर सांभाळून ठेवा.

धागाकर्ती

आत्ताच मापं घेतली. प्रत्येक माप तीनदा घेतलं, टोकांचं वजा करून.

पहिली-दुसरी: १८ ओहम.
दुसरी-तिसरी: १८ ओहम.
तिसरी-पहिली: ३६ ओहम.

शाफ्टशी तिन्ही पट्ट्या कोऱ्या. काळी पडलेली फट तिसरी आणि पहिली यांच्यामधलीच आहे!

घड्याळजी, मी आयसोप्रोपाइलच वापरलं होतं, कापसाच्या काडीवर. भिजवलं नव्हतं. वाइंडिंगचा रंग सगळीकडे सारखा दिसतोय.

तांब्याची तार

वा ताई, मापं इतकी स्वच्छ आलीत की वाचून बरं वाटलं.

तीन कॉइल त्रिकोणात जोडलेल्या असतात, त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक पट्टी. एका कॉइलचा रोध १८ ओहम धरा. मोटर धडधाकट असती तर कुठल्याही दोन पट्ट्यांमध्ये मीटरला दोन वाटा मिळाल्या असत्या: एक थेट कॉइलमधून, १८ची, आणि दुसरी उरलेल्या दोन कॉइलमधून वळसा घालून, ३६ची. त्या दोन्ही समांतर म्हणजे १२. तिन्ही मापं १२ आली असती.

आता तिसरी-पहिलीमधली कॉइल तुटली असं समजा. तिथे थेट वाट बंद, वळशाची तेवढी उरली, म्हणून ३६. बाकी दोन जोड्यांत वळसा बंद आणि थेट वाट चालू, म्हणून १८ आणि १८. तुमचे आकडे नेमके हेच आहेत.

कॉइल आतल्या आत शॉर्ट झाली असती तर त्या जोडीत शून्याजवळ आणि बाकी दोन्हींत ९च्या आसपास आलं असतं. ते वाईट, कारण मग पूर्ण नव्याने भरावी लागते. जोडणी त्रिकोणाऐवजी ताऱ्याची असती तर एक बाहू तुटल्यावर दोन मापं पूर्ण कोरी आली असती. तुम्हाला तिन्ही ठिकाणी आकडा आला, म्हणजे त्रिकोणच.

कॉइल तुटली म्हणजे शंभरातला एक वेढा मध्येच तुटला असं सहसा नसतं. तार हलते कुठे, वाकते कुठे? पट्टीच्या मागे, जिथे ती लगला, म्हणजे पट्टीच्या छोट्या कानाला, सोल्डर केलेली असते. तिथेच तुटते. भिंग घ्या, पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मागची टोकं बघा. लगवर हिरवट बुरशीसारखं काही दिसतंय का तेही बघा. पूर्वी कोणी आम्लाचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) वापरून डाग दिला असेल तर तो वर्षानुवर्षं तांबं खात राहतो.

कॉइलला दोन टोकं असतात. एक आतून निघालेलं, सर्वांत खालच्या थराचं, आणि एक वरून आलेलं. वरचं तुटलं असेल तर काम तासाभराचं आहे: एक वेढा सोडवायचा, तेवढी तार हाताशी येते. इतक्या वेढ्यांत एक कमी झाल्याने काही फरक पडत नाही. आतलं तुटलं असेल आणि लगपाशी मिलिमीटरभर तरी तार उरली असेल तर तिला बारीक तारेचा जोड देता येतो. अगदी मुळाशी तुटलं असेल तर ती एक कॉइल भरावी लागेल. तेही होतं, घाबरू नका.

आर्मेचर बाहेर काढावं लागेल, म्हणून आधी एक सांगा: चुंबकाचा ठोकळा कसा दिसतो? चकचकीत धातूसारखा, की काळा-करडा, भाजलेल्या मातीसारखा?

धागाकर्ती

धातूसारखा. कडेला थोडी चकाकी आहे.

तार दिसली! तिसऱ्या पट्टीच्या लगवर सोल्डरचा गोळा आहे, त्यात तारेचं ठुसकं अडकलंय, आणि शेजारी केसासारखं मोकळं टोक वर आलंय. ते कॉइलच्या वरच्या थरातून येतंय. हिरवं काही नाही. तुटलेलं टोक अगदी चकचकीत, ताजं दिसतंय. सुईनेच तुटली असणार. मला फार वाईट वाटलं. साठ वर्षं टिकलेली तार माझ्या हातून गेली.

तांब्याची तार

ताई, मोकळं टोक वरचंच आहे, म्हणजे सगळ्यांत सोपा प्रकार. मीही शिकाऊ असताना एका मोटरीच्या सहा लीड स्क्रू-ड्रायव्हरने कापल्या होत्या. भरून दिल्या.

चुंबक धातूचं असेल तर ते बहुधा अल्निको आहे, ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं. त्याची खोड अशी की चुंबकरेषांना लोखंडातून बंद वाट मिळाली तरच त्याची ताकद टिकते. आर्मेचर हीच ती वाट. ते नुसतं उपसून काढलं की चुंबक काही प्रमाणात उतरतं, आणि आर्मेचर परत घातलं तरी गेलेली ताकद परत येत नाही. मग पुन्हा चुंबकीकरण करून घ्यावं लागतं. सिरॅमिक चुंबकाला याची फारशी फिकीर नसते.

म्हणून स्क्रू सैल करण्याआधी पोलच्या दोन्ही पत्र्यांवर मऊ लोखंडाची जाड पट्टी आडवी लावा. ती स्वतःच घट्ट चिकटेल. काम संपून आर्मेचर जागेवर बसेपर्यंत ती काढायची नाही. याला कीपर म्हणतात.

टेबलावर पांढरा कागद पसरा. आसपास कानस चालवली असेल तर आधी पुसून घ्या, लोखंडाचा कीस चुंबकाकडे धावतो आणि मग चिकटपट्टीने टिपून टिपून काढावा लागतो. चिमटा पितळेचा किंवा प्लास्टिकचा घ्या. आयर्नचं टोकसुद्धा चुंबक ओढतं, म्हणून सोल्डरिंग करताना मोटरीचा सांगाडा हातभर लांब ठेवा.

तारेच्या शेवटच्या तीन-चार मिलिमीटरवरचा एनॅमल (तारेवरचा वीज अडवणारा लेप) बारीक पॉलिश पेपरने खरवडा. घड्याळजींनी पेपर कम्युटेटरसाठी नको म्हटलंय, तारेला चालतो. तार पेपरच्या घडीत धरून अलगद ओढायची. लालसर तांबं चौफेर दिसलं पाहिजे. मग त्यावर सोल्डरचा पातळ मुलामा द्या. फ्लक्स फक्त रोझिनचा. लगला तार एकदा गुंडाळा आणि आयर्न दोन सेकंद, जास्त नाही. कम्युटेटरच्या पट्ट्या ज्या साच्यात बसल्यात तो तापला तर पट्टी सैल होते, आणि मग खरंच नवीन आर्मेचर शोधावं लागेल. नाही जमलं तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा करा.

तार लगपर्यंत ताणून नेऊ नका. थोडी ढिली ठेवा आणि वाइंडिंगच्या वार्निशचा एक थेंब देऊन चिकटवा.

घड्याळजी

जोडताना ब्रशच्या स्प्रिंगकडे लक्ष द्या. या मोटरीत एकच तारेची स्प्रिंग दोन्ही ब्रशवर दाब देते, आणि तिच्या एका पायावर इन्शुलेशनची बारीक नळी असते. एक ब्रश सांगाड्याला जोडलेला, दुसरा त्यापासून वेगळा. नळी गळाली किंवा दुसऱ्या पायावर चढवली की स्प्रिंगमधूनच शॉर्ट होतो आणि माणूस उगाच मोटरीला दोष देत बसतो. जुनी नळी कडक होऊन चिरली असेल तर त्याच मापाच्या वायरचं साल काढून घाला.

तीच गोष्ट रेडिओ-टीव्हीचा खरखराट रोखणाऱ्या कपॅसिटरची. जुना कपॅसिटर आतून शॉर्ट होतो. शंका आली तर त्याचा एक पाय सोडवून बघा.

आणि तुम्ही १२ व्होल्ट कशातून देताय? डब्यात जुना कंट्रोलर असेल तर तो भिंतीतल्या प्लगला लावू नका. त्या काळच्या रबरी वायरींचं रबर आतून भुगा झालेलं असतं.

धागाकर्ती

कंट्रोलर आहे, पण तो लावलेला नाही. माझ्याकडे व्होल्टेज कमीजास्त करता येणारा नवा सप्लाय आहे, करंटची मर्यादाही घालता येते. १ अँपिअरवर ठेवलीय.

काल रात्री काम केलं. दारावरची जुनी लोखंडी कडी काढून कीपर केली, ती इतक्या जोरात बसली की बोट थोडक्यात वाचलं. आर्मेचर निघालं. वेढा सोडवायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, तार पोलच्या कोपऱ्याशी वार्निशने धरून ठेवलेली होती. लाकडी काडीने सुटी करत करत पाऊण वेढा सुटला, तेवढा पुरला. पहिला डाग धरला नाही, कारण खालच्या बाजूचा एनॅमल राहिला होता. दुसऱ्या वेळी तार फिरवून चारही बाजूंनी साफ केली आणि सोल्डर पाण्यासारखं पसरलं.

मापं: १२, १२, १२. मीटर तिन्हीकडे तोच आकडा दाखवत होता तरी मी पाच वेळा घेतली.

स्प्रिंगवरची नळी शाबूत आहे, बरोबर पायावर आहे. ब्रश अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, म्हणून तेच ठेवले. ६ व्होल्टवर अर्धा तास एका दिशेला, अर्धा तास दुसऱ्या दिशेला मोकळी फिरवली. ठिणग्या आता निळसर, बारीक, सगळीकडे सारख्या. मोटर कोमट झाली, गरम नाही. कुठल्याही जागेवरून उठते. मोकळी असताना ०.३ अँपिअर घेते. हे ठीक आहे का?

तांब्याची तार

अगदी ठीक. त्या आकड्यावरून चुंबकही जिवंत दिसतंय. कीपर लावलात म्हणून.

रूळमित्र

मी चुंबकाबद्दल घाई केली. माझ्या दोन्ही इंजिनांची पट्ट्यांची मापं मी कधी घेतलीच नव्हती. आज घेतो.

धागाकर्ती

शेवटचं लिहिते, म्हणजे पुढे कोणी हा धागा शोधत आलं तर पूर्ण हकिकत मिळेल.

मामांकडे गोल रूळ मांडला, चार डबे लावले. मामा खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते. दोन फेऱ्या झाल्या. मग म्हणाले, "आता उलटी ने." उलटी नेली. म्हणाले, "पुन्हा सरळ." मग पुन्हा उलटी. "दिशा बदलताना टक् वाजतं बघ. आधी नव्हतं."

मला ऐकूच येत नव्हतं. कान इंजिनाला लावला तेव्हा कळलं. दिशा बदलली की वर्म (शाफ्टवरचा स्क्रूसारखा गिअर) आर्मेचरला दुसऱ्या बाजूला ढकलतो, आणि शाफ्ट तेवढा मागेपुढे सरकून बेअरिंगवर आदळतो. शाफ्ट हाताने हलवून पाहिला तर खरंच अर्धा मिलिमीटरभर खेळ होता.

तो वॉशर! घरी येऊन पुन्हा कीपर लावला, आर्मेचर सोडवलं, वॉशर शाफ्टवर वर्मच्या बाजूला घातला. मापाने बसला. खेळ जवळजवळ गेला, तरी शाफ्ट बोटाने अडखळल्याशिवाय फिरतो. वर्मला ग्रीसचा अगदी पुसट हात दिला.

रविवारी पुन्हा नेलं. मामांनी सहा वेळा दिशा बदलायला लावली. मग कंट्रोलचं बटण त्यांनी स्वतःकडे मागून घेतलं.